उन्हाळ्याच्या दिवसांतील कागदी घडीकाम

मार्चचा मध्य उलटला की खेड्यातील शाळेचे रूप पालटते. शाळा सकाळची भरू लागते. दहा वाजण्याच्या सुमारास छपराचा पत्रा तापतो आणि मुलांचे चित्त पाठावरून उडते. मैदानावर खेळ घ्यावेत, तर ऊन चढलेले असते. वरच्या वर्गांत परीक्षेची उजळणी चालू असते आणि दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीची मुले पुष्कळदा 'गुपचूप बसा' या एका आज्ञेवर सोपविली जातात.

याच सुमारास ऊसतोडीचा हंगाम आटोपून परत आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात पुन्हा दिसू लागतात. मधल्या चार-पाच महिन्यांत त्यांचे सोबती जोडाक्षरांपर्यंत पोचलेले असतात. यांचा मात्र बाराखडीशी असलेला परिचयही पुसट झालेला असतो. पाटी पुढे केली की अशी मुले मान खाली घालतात. काही दिवसांनी ती येईनाशी होतात.

थोड्या वेळात होणारा, बसल्या जागी करता येणारा, पैसा न लागणारा आणि सर्व मुलांना एकाच पायरीवरून आरंभ करता येईल असा उद्योग या दिवसांत वर्गाला हवा असतो. कागदाचे घडीकाम हा असा उद्योग आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना जमतील अशा उन्हाळ्याच्या पाच वस्तू आणि त्या शिकविण्याची रीत प्रस्तुत लेखात दिली आहे.

घडीकामाची परंपरा

कागद न कापता, न चिकटविता, केवळ घड्या घालून वस्तू करण्याच्या कलेस जपानी भाषेत 'ओरिगामी' म्हणतात. 'ओरी' म्हणजे घडी घालणे आणि 'कामी' म्हणजे कागद. जपानमध्ये ही कला घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. कागदी बगळ्यांच्या घड्यांचे एक पुस्तक तेथील क्योतो शहरात १७९७ मध्येच छापले गेले होते.

बालशिक्षणात घडीकामाला स्थान देण्याचे श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांच्याकडे जाते. त्यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मुलांच्या हातांसाठी त्यांनी जे उद्योग योजले, त्यांत कागदाच्या घड्या होत्या.

आपल्या देशातही या विषयाची परंपरा जुनी आहे. मद्रास येथे १८९३ मध्ये टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. बालवाडीतील घडीकामावरूनच त्यांना ही कल्पना सुचली होती. फेलिक्स क्लाइन या विख्यात जर्मन गणितज्ञांनी त्या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची आवृत्ती अमेरिकेतही निघाली. जपानचे थोर घडीकलावंत अकिरा योशिझावा (१९११ ते २००५) हेही तरुणपणी कारखान्यात नोकरीस असताना नवख्या कामगारांना भूमिती समजावून देण्यासाठी घड्यांचाच उपयोग करीत. आज जगभर घडीकामाच्या आकृत्यांत ज्या तुटक रेघा आणि बाण दिसतात, त्या पद्धतीचा पाया योशिझावांनीच घातला.

महाराष्ट्रातील शिक्षकांना तर याहून जवळचा आदर्श आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, अनुताई वाघ यांनी त्यांना साथ दिली आणि १९५७ पासून ते कार्य कोसबाड येथे चालले. महागडी साधने गावाला परवडत नाहीत, तेव्हा मुलाच्या परिसरातूनच साधने उभी करावीत, हे त्या कार्याचे सूत्र होते. रद्दीच्या कागदावर चालणारे घडीकाम या सूत्रात सहज बसते.

मूल यातून काय शिकते

घडीकाम हे केवळ वेळ घालविण्याचे साधन नव्हे. कड, कोपरा, मध्य, निम्मे, समोरासमोर, आत, बाहेर, उलट, सुलट हे शब्द पाठ्यपुस्तकात येतात तेव्हा मुलाला ते ऐकूनच घ्यावे लागतात. कागद हाती असला म्हणजे हेच शब्द बोटांना कळतात. 'हा कोपरा त्या कोपऱ्यावर ठेव' एवढे वाक्य ऐकून तसे करणारे मूल भाषा, भूमिती आणि अवधान ही तिन्ही एकाच वेळी शिकत असते.

याहून मोठा लाभ निराळाच आहे. गणित बरोबर की चूक हे मुलाला शिक्षकाच्या तांबड्या शाईवरून कळते. घडी बरोबर की चूक हे मात्र कागदच सांगतो. कोपऱ्यावर कोपरा बसला तर बरोबर. कागद बाहेर डोकावला तर चूक. चूक झाली तर घडी उलगडावी आणि पुन्हा घालावी. कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही. महिनोन् महिने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला असे काम पहिल्याच दिवशी मिळाले, तर त्या दिवशी वर्गात त्याचा हात कोणाच्याही मागे राहत नाही. पुष्कळदा तो पुढेच असतो, कारण घरकामाने आणि रानातल्या कामाने त्याची बोटे तयार झालेली असतात.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. घडीकामाने बुडालेले वाचन भरून निघत नाही. त्यासाठी त्या मुलांना स्वतंत्र वेळ दिलाच पाहिजे. परंतु जे मूल वर्गात बसण्यासच भिते, त्याला वाचन शिकविणार कसे? आधी ते बसले पाहिजे, आपल्यालाही काही येते असे त्याला वाटले पाहिजे. घडीकामाचा उपयोग तेवढ्यापुरता आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

शिक्षकाने पाळावयाचा मुख्य नियम

शिक्षकाने मुलाच्या कागदाला हात लावू नये. हा नियम सांगण्यास सोपा, पण पाळण्यास कठीण आहे. वेळ थोडा असतो, मूल अडते, शिक्षक चटकन कागद घेतो आणि घडी घालून परत देतो. वस्तू सुबक होते. पण ती शिक्षकाची होते. काही शाळांत तपासणीच्या दिवशी भिंतीवर सुरेख कागदी वस्तू टांगलेल्या दिसतात आणि 'ही कोणी केली?' असे विचारताच मुले गुरुजींकडे पाहतात. अशा वस्तूंनी भिंत सजते, मुलाच्या पदरी काही पडत नाही. वाकडी असली तरी मुलाने स्वतः घातलेली घडीच मोलाची मानावी.

मूल अडले तर शिक्षकाने आपला वेगळा कागद घ्यावा, त्या मुलाच्या शेजारी बसावे आणि तीच घडी आपल्या कागदावर सावकाश घालून दाखवावी. मग ती उलगडून पुन्हा दाखवावी. मूल पाहील आणि करील.

वर्गासमोर दाखविताना आणखी एक अडचण येते. शिक्षक मुलांकडे तोंड करून उभा राहिला म्हणजे त्याची उजवी बाजू मुलांच्या डाव्या बाजूस येते आणि मुले गोंधळतात. म्हणून मुलांना अर्धवर्तुळात बसवून शिक्षकाने त्यांच्यातच बसावे, किंवा वर्गाकडे पाठ करून मोठा कागद फळ्यावर धरून घड्या घालाव्यात. उजवे-डावे हे शब्द आरंभी टाळावेत. त्याऐवजी कागदाच्या एका कोपऱ्यावर मुलांकडून टिंब काढून घ्यावे आणि 'टिंबाचा कोपरा' असे म्हणावे.

एका वेळी एकच घडी सांगावी. सर्वांची ती घडी झाल्याखेरीज पुढची सांगू नये. ज्यांची आधी होईल, त्यांना नखाने घडी पक्की करण्याचे काम द्यावे.

साहित्य आणि पूर्वतयारी

घडीकामास विकतचा रंगीत कागद लागत नाही. वर्षाच्या शेवटी भरलेल्या वह्यांची पाने, जुन्या दिनदर्शिकेची पाने आणि वर्तमानपत्रे एवढे पुरे. दिनदर्शिकेचा कागद जाड व टिकाऊ असतो. फार जुने, पिवळे पडलेले वर्तमानपत्र मात्र घडीवर फाटते. ते घेऊ नये. घडी घालण्यासाठी खाली कठीण पृष्ठ हवे. पाटी मांडीवर घेतली तरी चालते. वाऱ्याने कागद उडतात, म्हणून प्रत्येक मुलाने एक गुळगुळीत खडा जवळ ठेवावा. घडी पक्की करण्यासही तोच खडा उपयोगी पडतो.

पान व पेला या वस्तूंना चौरस कागद लागतो. वहीच्या लांबट पानाचा चौरस पुढीलप्रमाणे करावा. पानाची आखूड कड उचलून शेजारच्या लांब कडेवर नेमकी बसवावी. एक त्रिकोण होईल आणि त्याच्या पलीकडे एक पट्टी उरेल. पट्टी त्रिकोणाच्या कडेवर दुमडावी, उलट बाजूसही दुमडावी, नखाने दाबावी आणि हलक्या हाताने फाडून काढावी. त्रिकोण उलगडला की चौरस तयार. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जी रेघ उमटते, ती चौरसाचा कर्ण होय. मुलांना हा शब्द सांगण्याची घाई नको. 'तिरपी रेघ' म्हटले तरी चालेल. चौरस करणे हाच पहिल्या दिवसाचा पाठ समजावा. उरलेल्या पट्ट्या टाकू नयेत; पुस्तकातील खुणेसाठी त्या कामास येतात.

पहिली वस्तू : हातपंखा

आरंभ पंख्याने करावा, कारण त्यात एकच घडी पुनःपुन्हा घालावयाची असते.

(१) लांबट कागदाची आखूड कड आपल्याकडे करून कागद समोर ठेवावा.
(२) आपल्याकडची कड बोटभर रुंद वर दुमडावी व नखाने दाबावी.
(३) कागद उलटा करावा. तयार झालेली पट्टी पुन्हा आपल्याकडेच असावी. त्याच मापाने आणखी एक घडी वर घालावी.
(४) कागद उलटा करणे व घडी घालणे हा क्रम कागद संपेपर्यंत चालू ठेवावा.
(५) सर्व घड्या एकत्र दाबून एका टोकाशी दोन बोटे अंतरावर दोरा बांधावा आणि दुसरे टोक पसरावे.

पंखा झाला की मुलांना एक प्रयोग करण्यास सांगावे. एका हाताची पाठ ओली करावी, दुसरी कोरडी ठेवावी आणि शेजाऱ्याने दोन्हींवर पंखा हलवावा. ओला हात अधिक गार लागतो. पंखा गार हवा निर्माण करीत नाही. अंगावरील ओलावा लवकर वाळवितो आणि वाळताना ओलावा अंगातील उष्णता घेऊन जातो. घाम आलेल्या अंगाला पंख्याचा वारा सुखकर वाटतो तो यामुळेच. माठातील पाणी गार का राहते, याचे उत्तरही हेच आहे. दुसरीतील मुले ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात.

दुसरी वस्तू : आंब्याचे पान

चैत्रात आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात आणि पाडव्याला दारी तोरण लागते. वर्गाच्या दारासाठी कागदी पानांचे तोरण मुलांनी करावे.

(१) सुमारे १० सेंटिमीटर बाजूचा चौरस घ्यावा. तिरपी घडी घालून उलगडावी.
(२) तिरप्या रेघेच्या एका टोकाचा कोपरा आपल्याकडे करावा. त्या कोपऱ्याच्या दोन्ही कडा मधल्या रेघेवर आणून बसवाव्यात. पतंगासारखा आकार होईल.
(३) आता वरच्या कोपऱ्याच्या दोन्ही कडा त्याच मधल्या रेघेवर आणाव्यात. दोन्ही बाजूंनी निमुळते पान तयार होईल.
(४) पान मधल्या रेघेवर दुमडून किंचित उघडावे. मधली शीर दिसू लागेल.
(५) एक टोक दोऱ्यावरून मागे दुमडून खळीने चिकटवावे.

चौरसाची बाजू १० सेंटिमीटर असली तर पान सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचे होते. 'बाजूपेक्षा पान लांब कसे?' हा प्रश्न वरच्या वर्गातील मुलांना विचारावा. तिरपी रेघ बाजूपेक्षा लांब असते, हे ती दोरीने मोजून शोधतील.

तोरण करताना एका दोऱ्यावर दहाच पाने ओवावीत. दोन तोरणे आणि सुटी तीन पाने म्हणजे तेवीस. दशक व एकक यांचा याहून उघड पाठ दुसरा नाही.

तिसरी वस्तू : पेला

या पेल्यात पाणी राहते. मुलांचा आरंभी विश्वास बसत नाही, म्हणून ही वस्तू त्यांना सर्वांत प्रिय होते.

(१) सुमारे २० सेंटिमीटर बाजूचा कोरा चौरस घ्यावा. कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण करावा. घडीची लांब कड आपल्याकडे आणि टोक वर असावे.
(२) खालच्या दोन टोकांपैकी एक उचलून समोरच्या तिरप्या कडेवर ठेवावे. कडेच्या मध्याच्या किंचित वर ते येते. दुमडलेल्या भागाची वरची कड खालच्या कडेशी समांतर असली म्हणजे जागा बरोबर समजावी.
(३) दुसरे टोकही तसेच विरुद्ध बाजूस न्यावे.
(४) वर कागदाचे दोन पदर सुटे उरतात. पुढचा पदर पुढे दुमडून समोरच्या खिशात खोचावा. मागचा पदर मागे दुमडावा.
(५) दोन्ही बाजू हलकेच दाबून तोंड उघडावे.

दुसऱ्या कृतीतील जागा नेमकी शोधावयाची असल्यास शिक्षकाने आधी घरी एक करून पाहावे. जे टोक उचलावयाचे, त्याच्या वरची तिरपी कड (फक्त पुढचा पदर) खालच्या कडेवर आणून घडी घालावी व उलगडावी. ती घडी समोरच्या तिरप्या कडेस जेथे मिळते, तेथे टोक ठेवावयाचे. लहान मुलांना एवढ्या नेमकेपणाची गरज नाही. डोळ्यांच्या अंदाजाने केलेला पेलाही पाणी धरतो.

पाणी का गळत नाही, हे मुलांनी पेला उलगडून शोधावे. पेल्याच्या तळाशी कोठेही जोड नाही, कागद अखंड आहे. कागद भिजून मऊ पडेपर्यंत काही मिनिटे पाणी टिकते.

पेल्यासाठी छापील किंवा लिहिलेला कागद मुळीच वापरू नये. छपाईची शाई अन्नात उतरते व ती अपायकारक असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ न बांधण्याची सूचना दिली होती. हा विषय या निमित्ताने मुलांना सांगावा. तो त्यांच्यामार्फत घरी पोचतो.

चौथी वस्तू : टोपी

(१) मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचे एक पान घ्यावे. आखूड कडा एकमेकींवर आणून पान निम्मे करावे. घडी वरच्या बाजूस ठेवावी.
(२) उभी मधली घडी घालून उलगडावी, म्हणजे मध्यावर रेघ उमटेल.
(३) वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेघेवर आणून बसवावेत. वर टोक आणि खाली दोन पट्ट्या दिसतील.
(४) पुढची पट्टी पुढे वर दुमडावी, कागद उलटून मागची पट्टीही तशीच दुमडावी.
(५) खालून उघडून डोक्यावर ठेवावी. सैल झाल्यास पट्टीची दोन्ही टोके थोडी आत दुमडावीत.

शाळा सुटल्यावर मुले उन्हातून घरी जातात, तेव्हा ही टोपी डोक्यावर सावली धरते. मात्र कागदी टोपी म्हणजे उन्हावरचा उपाय, असा समज होऊ देऊ नये. निघण्यापूर्वी पाणी पिणे, सावलीच्या बाजूने चालणे आणि डोके दुखू लागल्यास किंवा चक्कर आल्यास लगेच सावलीत बसून कोणास तरी सांगणे, या तीन गोष्टी टोपी घालतानाच मुलांकडून म्हणवून घ्याव्यात.

पाचवी वस्तू : होडी

होडी टोपीतूनच होते, म्हणून ती शेवटी घ्यावी. वहीच्या लांबट पानाची लहान टोपी करून पुढे जावे.

(१) टोपीच्या आत दोन्ही अंगठे घालून पुढची व मागची बाजू एकमेकींपासून दूर ओढावी, म्हणजे दोन टोके जवळ येतील. कागद सपाट दाबला की चौरस होईल. पट्ट्यांची टोके एकमेकांखाली सरकवून घ्यावीत.
(२) चौरसाचा उघडा कोपरा आपल्याकडे ठेवावा. वरच्या पदराचा कोपरा उचलून समोरच्या कोपऱ्यावर न्यावा. उलटून दुसऱ्या पदराचेही तसेच करावे. त्रिकोण होईल.
(३) त्रिकोणात पुन्हा अंगठे घालून तो उघडावा व सपाट करावा. आधीपेक्षा लहान चौरस होईल.
(४) वरच्या कोपऱ्याशी दोन टोके सुटी दिसतात. ती दोन्ही हातांनी धरून अलगद बाहेर ओढावीत. होडी उघडेल.

ही शेवटची ओढ शिक्षकाने पुनःपुन्हा दाखवावी, कारण येथेच उतावळ्या हातांनी कागद फाटतो. होडीच्या खालच्या बाजूस मेणबत्तीचा तुकडा घासल्यास ती पाण्यात अधिक वेळ टिकते.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, हे ध्यानी ठेवून सर्व वर्गासाठी एकच घमेले भरावे. होडीत एकेक चिंचोका ठेवीत जावे. 'किती चिंचोक्यांनी होडी बुडेल?' याचा अंदाज प्रत्येक मुलाने आधी सांगावा आणि तो फळ्यावर लिहावा. मग सर्वांनी मोठ्याने मोजावे. काम संपल्यावर घमेल्यातील पाणी शाळेच्या झाडाला घालण्याचा मान त्या दिवशी कोणास द्यावयाचा, हे मुलांनीच ठरवावे.

वर्गाची आखणी

एका आठवड्यास एक वस्तू आणि आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास एवढी वाटणी पुरे. पहिल्या दिवशी शिक्षकाबरोबर, दुसऱ्या दिवशी केवळ तोंडी सूचनांवरून, तिसऱ्या दिवशी मुलाने एकट्याने, असा क्रम ठेवावा. तिसऱ्या दिवशी जे मूल न विचारता वस्तू करते, त्याला ती आली असे समजावे. घड्यांचा नेटकेपणा हा कसोटीचा विषय नाही. वाकडी होडीही तरंगते.

दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांची मदत घेता येते. मोठ्या मुलाने लहान मुलासमोर हात पाठीमागे बांधून बसावे आणि तोंडाने सांगावे, एवढी एकच अट त्यांना घालावी. हात वापरता येत नाही म्हटल्यावर त्यांना नेमके शब्द शोधावे लागतात. 'असे कर, तसे कर' म्हणून भागत नाही; 'टिंबाचा कोपरा मधल्या रेघेवर ठेव' असेच म्हणावे लागते. लहान मुलाला घडी येते आणि मोठ्या मुलाची भाषा घोटली जाते.

उशिरा परत आलेल्या मुलांना मात्र सुरुवातीलाच कोणाचे शिष्य करू नये. त्यांना नव्या वस्तूच्या पहिल्या दिवशी इतरांबरोबर बसवावे, आणि एक वस्तू हाती आली की दुसऱ्या मुलास ती सांगण्याचे काम द्यावे. जो मुलगा कालपर्यंत पाटी झाकून बसत होता, तो आज दुसऱ्याला काही सांगतो आहे, ही गोष्ट त्याच्यासाठी आणि वर्गासाठीही लहान नव्हे.

सुटीपूर्वीचा शेवटचा दिवस

सुटी लागण्याच्या दिवशी प्रत्येक मुलाने आपल्या भरलेल्या वहीच्या एका पानाची होडी करावी, तिच्या आत आपले नाव लिहावे आणि ती घरी जपून ठेवावी. पहिला पाऊस पडेल तेव्हा ती ओहळात सोडावयाची आहे. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी कोणाची होडी कोठवर गेली, हे शिक्षकांनी आवर्जून विचारावे. त्या दिवशी वर्गाला बोलण्याचा विषय आयता मिळतो आणि नाव लिहिण्याची उजळणीही सुटीपूर्वी एकदा झालेली असते.

सुटीत मुलाच्या हाती शाळेचे काय उरते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा. पुस्तक फडताळात पडते, वही रद्दीत जाते. बोटांना आलेली गोष्ट मात्र मुलाबरोबर राहते. दिवाळीनंतर काही मुले पुन्हा आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातील. तेथे कोपीत शाळा नसेल, फळा नसेल. पण किराणा बांधून आणलेला एखादा कागद असेल, आणि शेजारी लहान भावंड असेल. त्या कागदाची होडी करून 'हा कोपरा त्या कोपऱ्यावर ठेव' असे ते मूल भावंडाला सांगू लागले, तर शाळेने दिलेले काही तरी त्याने सोबत नेले, असे शिक्षकाला समाधानाने म्हणता येईल.